तीन पत्ते उघडल्यावर

आमच्या घरात पत्त्यांचा कॅट आला तो माझ्या लग्नाला चाळीस वर्षं झाल्यावर. माहेरी निपाणीला तर 'पत्ते' हा शब्दही कुणी मोठ्यानं उच्चारत नसे. पाठशाळेत आम्ही सप्तव्यसनं घोकलेली. त्यांत जुगार पहिला. मद्य, मांस, चोरी सगळं त्याच्या मागनं. पंडितजी विचारायचे, "जुगार पहिला का?" आणि आम्ही मुली एका सुरात सांगायचो, "बाकीची सहा त्याचं बोट धरून घरात येतात म्हणून." मग धर्मराजाची गोष्ट व्हायची. एवढा सत्याचा माणूस, पण फासे हातात घेतले आणि बायकोसुद्धा पणाला लावली. गोष्ट संपली की पंडितजी थोडा वेळ गप्प बसत. ती शांतता मला अजून आठवते.

धाकटा नोकरीसाठी गोव्यात, वेर्ण्याला असतो. गेल्या दिवाळीला आला तेव्हा जेवताना आपणहून म्हणाला, "आई, तुला एक सांगायचंय. आम्ही मित्र मित्र महिन्यातनं एकदा पोकर खेळतो. पैसे लावून."

माझ्या डोळ्यांपुढे एकदम मांडवी आली. पणजीच्या पुलावरून रात्री दिसणारे ते झगमगणारे तरंगते कॅसिनो. गोव्याच्या १९७६ च्या जुगारबंदीच्या कायद्यात १९९२ मध्ये आणि पुढे दुरुस्त्या झाल्या, त्या वाटेनं हे सगळं नदीत येऊन उभं राहिलं. तो म्हणाला, "तिकडे नाही गं जात. तिथं एका रात्रीत किती जातील याला हिशेबच नाही. आम्ही आधी मोबाईलवर खेळायचो. ऑगस्टमध्ये केंद्राचा कायदा आला, पैशांचे ऑनलाइन खेळ बंद झाले. आता एकाच्या फ्लॅटवर जमतो. दहाजण. प्रत्येकी पाचशे रुपये. हरला की उठायचं, पुन्हा पैसे भरायचे नाहीत."

हे ताटावरून उठले नाहीत, पण पुढचं जेवण न बोलताच झालं. सूनबाईनं खाली मान घालून भाकरी वाढली.

रात्री मला झोप नव्हती. एकीकडे राग. दुसरीकडे मनात येत होतं की पोरानं लपवलं असतं तर मला आयुष्यात कळलं नसतं. सकाळी दर्शन करून आले आणि त्याला म्हटलं, "शिकव मला. काय आहे ते बघू दे. न बघता नावं ठेवायला मी काय तुझी पंडितजी नव्हे."

पैसे लावायचे नाहीत हे माझं पहिलं म्हणणं. मग सागरगोटा म्हणजे पाचशे, चिंचोका म्हणजे शंभर. दहासाठी तो मक्याचे दाणे आणायला निघाला, तेव्हा मी म्हटलं, धान्य जुगारात नको. मग जुन्या शर्टांची बटणं आली. मी, धाकटा आणि सूनबाई. हे वर जाऊन पेपर वाचत बसले.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. प्रत्येकाला दोन पत्ते मिळतात, ते आपले आपण बघायचे. त्यावर पहिली बोली होते. मग मध्ये तीन पत्ते उघडे मांडतात, ते सगळ्यांचे. याला फ्लॉप म्हणतात. पुन्हा बोली. मग चौथा पत्ता, बोली, पाचवा, बोली. आपले दोन आणि मधले पाच, या सातांतून उत्तम पाच ज्याचे जुळतील त्याची रास. पण पत्ते उघड करायची वेळ फार थोड्या डावांत येते. बहुतेक रास त्याआधीच कुणीतरी बोली लावून आणि बाकीच्यांनी पत्ते टाकून संपते. खेळाचं खरं मर्म इथंच आहे, आणि माझी सगळी अडचणही इथंच.

धाकट्यानं मला आधी एक हिशेब घातला. हातात दोन वेगवेगळे पत्ते असतील, तर फ्लॉपवर त्यांतल्या एकाची तरी जोडी लागायची शक्यता शंभरात बत्तीस. म्हणजे तीनदा खेळलं तर दोनदा हात कोरडाच राहतो. समोरच्याचाही तसाच. दोघांकडेही काही नाही, मग मधली रास कुणाची?

"जो आधी मागेल त्याची," तो म्हणाला.

आणि आधी मागायचा मान कुणाचा? पहिल्या फेरीत ज्यानं बोली वाढवलेली असते त्याचा. त्यानं वाढवली म्हणजे त्याच्याकडे चांगले पत्ते असणार, असं सगळ्यांनी मनाशी धरलेलं असतं. तीन पत्ते उघडल्यावर तो तीच ऐट पुढे चालवतो. हात जुळला असो नसो, पुन्हा बोली लावतो. तिला ते कंटिन्युएशन बेट म्हणतात. डॅन हॅरिंग्टन नावाचा अमेरिकन खेळाडू १९९५ चा जगज्जेता. त्यानं २००४ मध्ये टुर्नामेंटवर पुस्तक लिहिलं आणि हे नाव घरोघरी, म्हणजे त्या लोकांच्या घरोघरी, पोचलं. माझ्या मुलाच्या कपाटात ते पुस्तक आहे. पानं हाताळून हाताळून मऊ झालीत. कॉलेजची पुस्तकं एवढी मऊ झाली नव्हती.

रास १२० ची असली आणि आपण ६० लावले, तर तीनदा लावून एकदा जरी समोरचा पळाला तरी आपलं नुकसान नाही. आणि तो तर तीनांत दोनदा कोरडा असतो. ऐकल्यावर मला वाटलं, मग ही तर फुकटची कमाई. धाकटा हसला. "तसं वाटतं म्हणून तर नवीन माणसं बुडतात." समोर एकजण असेल तर ठीक. तीनजण असतील तर तिघंही कोरडे असायची शक्यता शंभरात तीसच्या आसपास उरते. तिथं रिकाम्या हातानं बोली लावणं म्हणजे चिंचोके फेकणं. पत्तेही बघायचे. राजा, सत्ती, दुर्री असे तीन रंगांचे, एकमेकांशी नातं नसलेले पत्ते आले तर समोरच्याचं काही जमलं असण्याचा संभव कमी, तिथं ऐट खपते. दश्शी, नव्वी, गुलाम आणि त्यात दोन बदाम आले, तर कुणाचं ना कुणाचं काहीतरी शिजत असतंच, तिथं गप्प बसावं. शिवाय अशा लहान टुर्नामेंटमध्ये हातात दीड हजारच असतात आणि सक्तीनं लावायची रक्कम दर थोड्या वेळानं वाढत जाते. अर्ध्या तासात अशी गत होते की एक बोली लावली की आपल्यातला तिसरा हिस्सा गेला. मग मागे फिरता येत नाही. "बोली लावायच्या आधी बघायचं, आई, की समोरचा हटला नाही तर आपण काय करणार. ते ठरलेलं नसेल तर बोलीच लावायची नाही."

हे शेवटचं वाक्य मी हिशेबाच्या वहीत लिहून ठेवलं.

तिसऱ्या दिवशी माझ्या हातात इस्पिकचा एक्का आणि चौकटची नव्वी आली. मी वाढवलं. दोघांनीही साथ दिली. मध्ये राजा, सत्ती, दुर्री. माझं काही म्हणजे काही जुळलं नव्हतं. मी पदर सारखा केला आणि तीन चिंचोके पुढे सरकवले. सूनबाईनं लगेच पत्ते टाकले. धाकटा माझ्याकडे बघत राहिला. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. शेवटी त्यानं पत्ते टाकले, आणि टाकता टाकता दाखवले. त्याच्याकडे सत्तीची जोडी होती!

खरं सांगते, मला फार बरं वाटलं. छातीत धडधडत होतं, हात गार पडले होते आणि आतून गुदगुल्या होत होत्या. साठी ओलांडलेल्या, दोन वेळ सामायिक करणाऱ्या बाईला. त्या संध्याकाळी सामायिकाला बसले तर मिटल्या डोळ्यांपुढे सत्ती.

मी त्याला विचारलं, "हे खोटं बोलणंच की रे?"

तो म्हणाला, "कुठं बोललीस? तू नुसते चिंचोके पुढे केलेस. आणि असं होऊ शकतं हे मला माहीत होतं. या टेबलावर बसणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं."

यावर मी चार दिवस विचार केला. आपल्याकडे असत्याची व्याख्या नुसती जिभेपुरती नाही, कषायाच्या योगानं जे घडतं त्याच्याशी तिचा संबंध आहे. आणि चार कषायांत माया आहेच. माया म्हणजे कपट. आत एक, बाहेर दुसरं. समोरच्याची संमती असली म्हणजे समोरच्यावर अन्याय झाला नाही असं म्हणता येईल. पण माझ्या आत जी गुदगुली झाली ती कुणाच्या संमतीनं झाली? ती तर माझी मला. सत्याणुव्रताच्या अतिचारांत एक साकारमंत्रभेद आहे. दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून, हाताच्या हालचालीवरून त्याच्या मनातलं ओळखायचं आणि द्वेषानं ते चारचौघांत उघडं पाडायचं, असा त्याचा अर्थ पंडितजी सांगायचे. हजार-दीड हजार वर्षांपूर्वी कुणीतरी एवढं बारीक निरीक्षण केलं होतं, याचं मला त्या टेबलावर बसून नवल वाटलं. पोकरमध्ये निम्मं शिक्षण याचंच. फक्त ते उघडं पाडत नाहीत, आपल्यापाशी ठेवून वापरतात.

तरी मी मुलाचं म्हणणं अर्ध्याहून जास्त मान्य केलं असतं. पण पाचव्या दिवशी त्यानं आणखी एक धडा दिला आणि त्यातून मला भलतंच आठवलं.

झालं असं की सूनबाईनं अगदी वेड्यासारखी बोली लावली, सगळे चिंचोके घातले आणि शेवटच्या पत्त्यावर तिचं जुळलं. ती टाळ्या पिटायला लागली. धाकटा म्हणाला, "वैनी, रास मिळाली, पण चाल चूक होती. निकालावरून चाल बरोबर की चूक ठरवायची नाही. त्या क्षणी तुला जे ठाऊक होतं त्यावरून ठरवायची."

मला प्रवचनातला कोळी आणि शेतकरी आठवले. शेतकऱ्याच्या नांगराखाली हजारो जीव जातात, पण मारण्याचा त्याचा भाव नसतो. कोळ्याच्या जाळ्यात दिवसभरात एकही मासा आला नाही, तरी त्याला पाप लागतं. आपल्या धर्मानं निकालाकडे बघायचं नाही हे केव्हाच सांगितलंय. हे मी त्याला म्हणणार होते, पण तोंडातून शब्द फुटला नाही. कारण त्याच वेळी मला अण्णांचा सवाल आठवला.

अण्णा म्हणजे माझे वडील. निपाणीला आमची तंबाखूची वखार होती. मी मॅट्रिकला होते त्या वर्षी माल भरून ठेवलेला आणि भाव पडले. घरात कुणी काही बोलत नव्हतं, पण आईच्या हातातल्या पाटल्या एक दिवस दिसेनाशा झाल्या आणि मी समजले. त्याच उन्हाळ्यात गावात पंचकल्याणक पूजा होती. आमच्याकडे अशा वेळी सवाल होतात, हे तुम्हांला सांगायला नको. सौधर्म इंद्र कोण होणार, पहिला अभिषेक कुणाचा. जो जास्त बोलेल त्याचा मान. अण्णा दरवर्षी कुठला ना कुठला सवाल धरत. त्या वर्षी ते मागे बसतील, असं आईला वाटलं होतं. त्यांनी सौधर्म इंद्राचा सवाल धरला. अकरा हजार एकशे एक. त्या काळी.

आता मला ती चाल ओळखू येते. मागची इतकी वर्षं त्यांनी बोली वाढवलेली होती. पत्ते उघडले आणि हात कोरडा निघाला. पण गप्प बसले असते तर मंडपात बसलेल्या प्रत्येक व्यापाऱ्याला, ज्यांचं ज्यांचं देणं होतं त्या सगळ्यांना, त्याच क्षणी कळलं असतं. म्हणून त्यांनी ऐट पुढे चालवली. आणि ती खपली. देणेकरी थांबले. आई इंद्राणी होऊन मुकुट घालून अण्णांच्या शेजारी रथात बसली. तिच्या हातात पितळेवर मुलामा दिलेल्या पाटल्या होत्या, कोल्हापूरहून आणलेल्या. उन्हात त्या खऱ्यांपेक्षा जास्त चमकत होत्या.

अण्णा एक शब्द खोटं बोलले नव्हते.

इथवर असतं तरी मी म्हटलं असतं, व्यापाऱ्यांचा व्यापाऱ्यांशी डाव, चालायचंच. पण वखारीच्या मागच्या गल्लीत एक काकी राहायच्या. नवरा अकाली गेलेला, एक मुलगी. नवऱ्याचे सात हजार रुपये त्यांनी अण्णांकडे ठेव म्हणून ठेवले होते. कागद नाही, पावती नाही. तेव्हा तशी पद्धतच होती. भाव पडल्याचं त्यांच्याही कानावर गेलं असणार. पूजेच्या आठ दिवस आधी त्या घरी आल्या. बसल्या, पाणी प्यायल्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. म्हणाल्या, "अण्णा, पोरीचं बघायला सुरुवात करावी म्हणते." एवढ्यात शिंपी इंद्र-इंद्राणीचे कपडे घेऊन आला. जरीचा शेला खुर्चीवर पसरला. काकींनी त्याच्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहराच बदलला. हसून म्हणाल्या, "राहू दे की. तुमच्याकडे आहेत म्हणजे बँकेतच आहेत." आणि उठून गेल्या.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. अण्णा काही बोलले नाहीत.

पुढच्या हंगामात भाव चढले. सवालाचे पैसे अण्णांनी हप्त्याहप्त्यानं फेडले, देणेकरी फिटले. दोन वर्षांनी काकींच्या मुलीच्या लग्नात त्यांनी सात हजार व्याजासकट नेऊन दिले, वर मुलीला साडी. काकी त्यांच्या पाया पडायला वाकल्या तर अण्णांनी पाय मागे घेतले. मला तेव्हा तो त्यांचा विनय वाटला. गावात त्यांना आजही देवमाणूस म्हणतात. आईच्या पाटल्या मात्र परत आल्या नाहीत.

भाव चढले नसते तर? तोच सवाल, तोच माणूस, तेच मौन. गावानं त्याला फसवणूक म्हटलं असतं आणि काकींच्या मुलीचं लग्न राहिलं असतं. आम्ही सगळ्यांनी आयुष्यभर निकालाकडे बघून चाल ठरवली.

मी हे सगळं धाकट्याला सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला सांगितलं. आजोबा त्याला फार लाडके होते. तो बराच वेळ सागरगोटा हातात फिरवत होता. मग त्यानं माझ्या वहीत एक हिशेब मांडला. मला वाटलं विषय टाळतोय, पण तसं नव्हतं.

दहाजण, पाचशेप्रमाणे पाच हजार. पहिल्याला अडीच हजार, दुसऱ्याला दीड, तिसऱ्याला एक. चौथ्याला काही नाही. समजा चौघं उरलेत आणि चौघांकडे सारखेच चिंचोके. म्हणजे प्रत्येकाचा वाटा साडेबाराशेचा. आता दोघं भिडले, सगळं लावलं. हरणारा चौथा, त्याचे साडेबाराशे गेले. जिंकणाऱ्याचे चिंचोके दुप्पट झाले. पण त्याचा वाटा दुप्पट, म्हणजे अडीच हजार, होत नाही; कारण पहिल्या नंबराची खात्री अजून नाही आणि बाकीच्या दोघांचा वाटाही बसल्या जागी वाढलेला असतो. हिशेबानं तो साधारण एकोणीसशेवर जातो. म्हणजे साडेबाराशे पणाला लावायचे ते साडेसहाशेच्या वर थोड्यांसाठी. निम्म्याहून थोडी जास्त खात्री असून भागत नाही, शंभरात पासष्ट लागते. "म्हणून लहान टुर्नामेंटमध्ये शेवटी शेवटी फ्लॉपवरची बोली आवरती घ्यायची असते. गमावलेला चिंचोका कमावलेल्या चिंचोक्यापेक्षा महाग असतो, आई. आजोबांना जिंकून काय मिळणार होतं? एक वर्षाची सवड. हरले असते तर वखार, घर, तुम्हा तिघी बहिणींची लग्नं."

"आणि काकी," मी म्हटलं.

"काकींचं तर वेगळंच आहे. त्या टेबलावर बसल्याच नव्हत्या. आपण डाव खेळतोय हेच त्यांना ठाऊक नव्हतं, तरी पत्ते त्यांनी टाकले." थोडा वेळ थांबून तो म्हणाला, "आजोबांनी सोडायला पाहिजे होतं."

मला राग आला. स्वतः सगळं सांगून वर राग आला. मी म्हटलं, "तुला काय कळतंय रे, पाचशे रुपयांचा खेळ खेळणाऱ्याला! घरात तीन मुली, गावात अब्रू. त्या मंडपात मान खाली घालून बसणं म्हणजे काय, ते तुला कळायचं नाही." तो काही बोलला नाही. मीच नंतर शांत झाले. कारण मी जे बोलत होते ते अण्णांच्या वतीनं नव्हतं.

थोरल्याच्या लग्नात आम्हीही तेच केलं होतं. साखरपुडा जरा दणक्यात झाला, व्याही मोठ्या घरचे. मग लग्न त्याच तोलाचं करणं भाग पडलं. यांच्या प्रॉव्हिडंट फंडातून काढलेले पैसे मंडपाच्या फुलांत गेले. कुणी हुंडा मागितला नव्हता की कुणी काही म्हटलं नव्हतं. आम्ही पहिल्या फेरीत वाढवलं होतं, म्हणून दुसऱ्या फेरीत लावलं. सूनबाई समोर बसून हे ऐकत होती. ती म्हणाली, "आई, आमच्या पप्पांनीही कर्ज काढलं होतं. तुमचा साखरपुडा बघून." मी तिच्याकडे बघतच राहिले. दोन्ही घरं कोरडी! नऊ वर्षं आम्ही एकमेकांना मोठ्या घरचे समजत होतो.

हसू आवरेना. मग हे वरून खाली आले, काय झालं विचारायला.

त्या मुलांचा खेळ चांगला, असं मी म्हणणार नाही. जुगार तो जुगार. पाचशेचे पाच हजार व्हायला वेळ लागत नाही, आणि त्या दहाजणांत एखादा असा असणारच की ज्याला हे गणित ठाऊक नाही, जो नुसता सोबतीला म्हणून बसतो आणि दर महिन्याला हरतो. मी विचारलं तेव्हा धाकटा म्हणाला, "आहे एक." अशा माणसाला त्यांच्यात मासा म्हणतात म्हणे. हा शब्द ऐकल्यावर माझा कोळी मला पुन्हा आठवला, आणि या वेळी मी तो दाखला त्याला सांगितला. त्याचा चेहरा उतरला. उतरू दे. टेबलावर बसणाऱ्या सगळ्यांना सगळं ठाऊक असतं, या त्याच्या बोलण्यात एक भोक होतं ते मला सापडलं, आणि त्यालाही.

पण आणखी एक गोष्ट मी त्या खेळात पाहिली, ती इतर कुठं पाहिली नाही. तिथं चिंचोके खरोखरच मध्ये ठेवावे लागतात. नसलेले लावता येत नाहीत, दुसऱ्याचे लावता येत नाहीत. अण्णांनी मंडपात लावले ते त्यांच्याजवळ नव्हतेच. थोडे आईचे होते, थोडे काकींचे. आणि पत्ते टाकण्याला तिथं कुणी हसत नाही. चांगला खेळाडू दहांतले सात-आठ हात पहिल्या फेरीतच टाकतो. फ्लॉपवर ऐट केली, समोरचा हटला नाही, तर पुढच्या पत्त्याला गप्प बसतो आणि रास जाऊ देतो. त्याला कुणी भित्रा म्हणत नाही. आमच्या मंडपात सवाल सोडणाऱ्याला अशी मोकळीक होती का? आजही आहे का? परवाच एका पूजेत सवाल चाललेले बघितले. एक ओळखीचे गृहस्थ बोली वाढवत होते आणि त्यांची बायको शेजारी बसून नखांकडे बघत होती. मी त्यांचे पत्ते ओळखले. माझा हात एकदा सूनबाईच्या गुडघ्यावर गेला, सांगावं म्हणून. मग आवरला.

धाकटा जायच्या आदल्या रात्री शेवटचा डाव झाला. तो रिकाम्या हाती असला की डाव्या अंगठ्यानं बटणाच्या कडेवरून फिरवत राहतो, हे मला एव्हाना कळलं होतं. त्याच्या आजोबांनाही सवय होती, जपमाळेच्या मण्यावर. फ्लॉप उघडला, त्यानं दोन सागरगोटे पुढे केले आणि अंगठा फिरायला लागला. माझ्याकडे राजाची जोडी होती. मी पत्ते पालथेच टाकले. त्यानं विचारलं, "काय होतं?" मी ते कॅटमध्ये मिसळून टाकले. अंगठ्याचं मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

खेळू नको, असं मी त्याला म्हटलं नाही. चाळीस वर्षांचा संसार करून मला एवढं कळतं की नको म्हटलं तर तो खेळेलच आणि सांगणार नाही. कुणाचे उसने घेऊन बसू नको एवढं म्हटलं. आणि त्या हरणाऱ्या मुलाला आधी तो फ्लॉपचा हिशेब शिकव, मग त्याच्याशी खेळ. "मग आमची कमाई कशी होणार?" तो हसत म्हणाला, पण मान हलवली. पहाटेच्या गाडीनं चोर्ला घाटातनं गेला. कॅट कपाटात राहिला, ज्या खणात आईच्या त्या मुलाम्याच्या पाटल्या आहेत त्याच खणात. दुसरीकडे ठेवायला जागा नव्हती.

पुढच्या महिन्यात एका रविवारी रात्री त्याचा निरोप आला. "चौथा आलो. फ्लॉपनंतर सोडायला हवं होतं, कळत होतं, सोडलं नाही. त्यानं पकडलं. मीच शिकवलं होतं त्याला."

मी उत्तर लिहिलं, "दिवस मावळायच्या आत जेवला होतास का?"